वाईन शॉप, बार की भोजनालय? जरीपटक्यात दारूचा परवाना कोणाला, कर कोणावर आणि केस कोणावर

नागपूरच्या उत्तर भागातला जरीपटका म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेला, वाढवलेला भाग. नाव मराठ्यांच्या निशाणाचं, बाजारपेठ सिंधी व्यापाऱ्यांची आणि आजूबाजूला इंदोरा, नारा, मानकापूर अशा वस्त्या. संध्याकाळी अशा कोणत्याही बाजारात दिसणारं चित्र इथेही दिसतं. वाईन शॉपसमोर गर्दी, शेजारी चखना आणि पाण्याचे पाऊच विकणारा पानठेला, थोडं पुढे बार आणि वळणावर एखादं सावजी भोजनालय.

समजा, वाईन शॉपमधून रीतसर बिल घेऊन क्वार्टर विकत घेतलेले दोन मित्र त्या भोजनालयात बसतात. मटण मागवतात आणि हळूच विचारतात, "दोन ग्लास मिळतील का?" मालक ग्लास देतो. दारू त्याने विकलेली नाही. ग्लासचे पैसेही घेतलेले नाहीत.

उत्पादन शुल्क विभागाची धाड पडली, तर गुन्हा कोणावर दाखल होईल? वाईन शॉपवर नाही. भोजनालयाच्या मालकावर, आणि त्या दोन मित्रांवर.

असं का होतं, हे समजलं की दारूच्या परवान्यांचं सगळं गणित उलगडतं.

मुळात कायदाच दारूबंदीचा आहे

महाराष्ट्रात दारूविक्रीचा स्वतंत्र कायदा नाही. जो आहे तो 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९'. मूळचा हा मुंबई प्रांताचा कायदा. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं आणि त्या प्रांताचा स्वतःचा दारूबंदी कायदा १९३८ चा होता. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये मुंबईचा दारूबंदी कायदा विदर्भालाही लागू झाला. त्याआधी १९५१ मध्ये एफ. एन. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, पण बहुतांश कायदा कायम ठेवला.

दारू बनवणं, विकणं, नेणं, जवळ बाळगणं, पिणं यातली प्रत्येक गोष्ट या कायद्यात आधी मना आहे. मग परवाना, परमिट किंवा पास असेल तर तेवढ्यापुरती मोकळीक. किराणा दुकानात नियम मोडला नाही तर धंदा वैध असतो. दारूच्या धंद्यात कागद असेल तरच वैध, आणि तोही त्या कागदावर लिहिलेल्या जागेपुरता, त्या प्रकारापुरता, त्या वर्षापुरता.

त्या भोजनालयवाल्याचं नेमकं इथेच अडतं. कायद्याचं कलम ६८ लोकांनी येऊन दारू प्यावी अशी जागा चालवण्याबद्दल आहे. अशा जागेच्या व्याख्येत 'मालकाच्या फायद्यासाठी' पिऊ दिलं जाणं पुरेसं आहे. तो फायदा जागेच्या भाड्यातून असो, सोय पुरवण्यातून असो किंवा इतर कोणत्याही मार्गाने. दारू पिणारं गिऱ्हाईक मटणाच्या दोन प्लेट जास्त मागवतं, हाही फायदाच. कलम ८४ अशा जागी पिताना सापडलेल्यांसाठी आहे. तिथे पिणं चालू असताना जो हजर असेल, तो पिण्यासाठीच आला होता असं कायदा गृहीत धरतो. तसं नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं. 'मी फक्त जेवत होतो' म्हणणाऱ्या मित्राला हे बहुतेक वेळा ठाणं गाठल्यावर कळतं.

राज्यात ढाब्यांवरच्या बहुतांश कारवाया याच दोन कलमांखाली होतात. ढाबामालकाला २५ हजार रुपये दंड आणि पिणाऱ्यांना काहीशे ते हजार रुपये दंड झाल्याच्या बातम्या जिल्ह्याजिल्ह्यांतून येत असतात. महिन्याच्या कमाईवर घर चालवणाऱ्या भोजनालयासाठी २५ हजार ही किरकोळ रक्कम नाही.

'वाईन शॉप' म्हणजे नेमकं काय?

पाटी काहीही असली तरी सरकारच्या लेखी दुकानाची ओळख परवान्याच्या क्रमांकाने होते. ज्याला सगळे वाईन शॉप म्हणतात तो 'एफएल-२', म्हणजे सीलबंद विदेशी मद्याची किरकोळ विक्री. तिथे वाईनपेक्षा व्हिस्की, रम आणि बीअरच जास्त खपते, हा भाग वेगळा. इथलं 'विदेशी' म्हणजे परदेशातून आलेलं असंही नाही. भारतात बनलेली व्हिस्कीही कायद्याच्या भाषेत विदेशी मद्यच आहे. बीअर शॉपी 'एफएल/बीआर-२' या परवान्यावर चालते. तिला बीअर आणि वाईन विकता येते, व्हिस्की नाही. परमिट रूम म्हणजेच बार 'एफएल-३' वर चालतो. आणि विदर्भात ज्याला आजही भट्टी म्हणतात ते देशी दारूचं दुकान 'सीएल-३'. (हातभट्टी वेगळी. तिला कुठलाच परवाना नसतो.)

या कप्प्यांच्या भिंती पक्क्या आहेत. वाईन शॉपमधून बाटली घ्यायची, पण दुकानात किंवा ओट्यावर प्यायची नाही. बारमध्ये बसून प्यायची, पण बारने वाईन शॉपसारखी सीलबंद बाटली पार्सल द्यायची नाही. २०२० च्या टाळेबंदीत बारना साठा संपवण्यासाठी सीलबंद विक्रीची मुभा मिळाली होती, ती खास आदेशाने. गल्लीतले बरेच गुन्हे नकली दारूचे वगैरे नसतात. एका कप्प्यातल्याने दुसऱ्या कप्प्याचं काम केलेलं असतं. बीअर शॉपीच्या मागे दोन खुर्च्या टाकल्या, बारने रात्री उशिरा खिडकीतून क्वार्टर दिली, पानठेल्याने 'ड्राय डे'साठी चार पव्वे लपवून ठेवले.

मग भोजनालयवाल्याने सरळ परवानाच का काढू नये? बारच्या परवान्यासाठी तो अर्ज करू शकतो. त्यासाठी जागेची कागदपत्रं, खाद्य परवाना, पोलिसांचा अहवाल, शाळा आणि प्रार्थनास्थळापासूनचं अंतर, आणि शहराच्या लोकसंख्येनुसार ठरणारं वार्षिक शुल्क लागतं. नागपूरसारख्या मोठ्या शहरात हे शुल्क काही लाखांत जातं. आठ टेबलांच्या भोजनालयाला हे झेपत नाही.

वाईन शॉप आणि देशीच्या दुकानांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. १९७० च्या दशकापासून राज्यात या दोन प्रकारचे नवे परवाने देणं बंद आहे. 'नवं वाईन शॉप उघडलं' असं दिसतं तेव्हा बहुधा जुना परवाना दुसरीकडून स्थलांतरित झालेला असतो किंवा एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेलेला असतो. पुरवठा गोठलेला आणि मागणी वाढती, त्यामुळे जुन्या परवान्याची किंमत दुकानाच्या गाळ्यापेक्षा जास्त होते. २०२५ मध्ये मद्य उत्पादक कंपन्यांना ३२८ नवे परवाने देण्याच्या प्रस्तावाची चर्चा सुरू झाली आणि वाद पेटला. विधिमंडळाला विश्वासात घेतल्याशिवाय नवे परवाने देणार नाही, असं उपमुख्यमंत्री अजित पवार यांना तेव्हा सांगावं लागलं.

या टंचाईतून एक जुनी पद्धत रुळली होती. परवाना एकाच्या नावावर आणि दुकान चालवणारा दुसराच. १० जून २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयात याला अधिकृत वाट मिळाली. भाडेकराराने, म्हणजे 'कंडक्टिंग ॲग्रिमेंट' करून वाईन शॉप चालवायचं असेल तर वार्षिक शुल्काच्या १५ टक्के आणि बार चालवायचा असेल तर १० टक्के जादा शुल्क. वाट मिळाली तरी जबाबदारी झटकता येत नाही. नोकराने केलेल्या चुकीचा जाब या कायद्यात परवानाधारकालाही द्यावा लागतो. त्यामुळे तोंडी बोलीवर परवाना 'चालवायला' देणारा आणि घेणारा, दोघेही अडचणीत येऊ शकतात.

बाटलीच्या किमतीत सरकारचा वाटा किती?

दारूवर जीएसटी नाही. मानवी सेवनासाठीचं मद्य जीएसटीच्या व्याख्येतूनच वगळलेलं आहे. त्यावर उत्पादन शुल्क आणि विक्रीकर (व्हॅट) लावण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. म्हणूनच महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेशात एकाच बाटलीच्या तीन किमती असतात.

उत्पादन शुल्क गल्लीतला दुकानदार भरत नाही. ते कारखान्यातून माल बाहेर पडतानाच आकारलं जातं आणि छापील किमतीत मिसळून दुकानात येतं. जून २०२५ च्या निर्णयात भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचा दर बदलला. ज्या मद्याचं जाहीर केलेलं निर्मिती मूल्य प्रति बल्क लिटर २६० रुपयांपर्यंत आहे, त्यावर त्या मूल्याच्या तिप्पट शुल्क होतं, ते साडेचार पट झालं. म्हणजे १०० रुपयांच्या निर्मिती मूल्यावर आधी ३०० रुपये शुल्क लागायचं, आता ४५०. त्यावर व्हॅट, वाहतूक आणि घाऊक-किरकोळ विक्रेत्यांचा नफा वेगळा.

देशी दारूचा हिशेब 'प्रूफ लिटर'वर होतो. प्रूफ लिटर म्हणजे बाटलीतल्या द्रवापेक्षा त्यातल्या अल्कोहोलच्या तीव्रतेचं माप. देशीच्या लेबलवर '२५ यू.पी.' लिहिलेलं असतं. याचा अर्थ प्रूफपेक्षा २५ टक्के कमी तीव्र, सुमारे ४२.८ टक्के अल्कोहोल. १८० मिलीच्या पव्व्यात अशा हिशेबाने ०.१३५ प्रूफ लिटर भरतं. दर प्रूफ लिटरला १८० रुपये होता तेव्हा एका पव्व्यावर २४ रुपये ३० पैसे शुल्क बसायचं. २०५ रुपये दर झाल्यावर ते सुमारे २७ रुपये ७० पैसे झालं. वाढ साडेतीन रुपयांच्या आतबाहेर. त्याच निर्णयात १८० मिलीसाठी किमान किरकोळ किमतीही ठरल्या. देशी ८० रुपये, राज्यातल्या उत्पादकांसाठी नव्याने आणलेलं धान्याधारित 'महाराष्ट्र मेड लिकर' १४८ रुपये, भारतीय बनावटीचं विदेशी मद्य २०५ रुपये आणि प्रीमियम विदेशी मद्य ३६० रुपये. या सगळ्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटींचा जादा महसूल मिळेल, असा सरकारचा अंदाज होता.

८० आणि २०५ यांतलं अंतर मोठं आहे. रोजंदारीवर काम करणारा माणूस क्वार्टर महागली म्हणून पिणं सोडेलच असं नाही. तो भट्टीवर जाईल किंवा त्याहून स्वस्त काहीतरी शोधेल. ते स्वस्त काहीतरी किती महागात पडू शकतं हे जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत दिसलं. मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन तिथे शंभरहून अधिक माणसं गेली. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक ॲसिड होतं. ते आधी डोळ्यांवर आघात करतं, मग जिवावर बेततं. चवीवरून किंवा वासावरून मिथेनॉल ओळखता येत नाही.

बारच्या बिलात दोन कर का असतात?

बारमध्ये बसल्यावर ग्राहकाच्या हातात येणारं बिल खरं तर दोन बिलांचं मिळून असतं. जेवण, सोडा, कोल्ड्रिंक यांवर साध्या रेस्टॉरंटसारखा ५ टक्के जीएसटी. दारूवर व्हॅट. परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरचा हा व्हॅट आधी ५ टक्के होता, १ नोव्हेंबर २०२३ पासून तो १० टक्के झाला. ६०० रुपयांचं जेवण आणि ८०० रुपयांची दारू घेतली तर ३० रुपये जीएसटी आणि ८० रुपये व्हॅट, एकूण १,५१० रुपये. दारूच्या रकमेवर जीएसटी लावलेला दिसला तर ती चूक आहे, आणि विचारायला हरकत नाही.

बारमालकांची तक्रार अशी की कारखान्यात उत्पादन शुल्क आणि व्हॅट भरून आलेल्या बाटलीवर पेग विकताना पुन्हा व्हॅट लागतो, आणि समोरच्या वाईन शॉपच्या ग्राहकाला तो लागत नाही. व्हॅट, परवाना शुल्कातली १५ टक्के वाढ आणि उत्पादन शुल्काची वाढ या तिन्हींविरोधात 'आहार' या संघटनेच्या हाकेवरून १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातले बार आणि परमिट रूम एक दिवस बंद होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बार महागला की पिणारा घरी जातोच असं नाही. तो मैदानाच्या कडेला, पार्किंगमध्ये किंवा ओळखीच्या भोजनालयात बसतो. म्हणजे कर वाढला बारवर आणि धोका वाढला भोजनालयवाल्याचा.

वाईन शॉपमध्ये मात्र छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. 'थंड बीअरचे दहा रुपये जास्त' हा प्रकार सगळीकडे चालतो, पण त्याला आधार नाही. बारमध्ये छापील किंमत लागू होत नाही, कारण तिथे बसण्याची सोय आणि सेवा विकली जाते.

दुकानदाराला रोज काय सांभाळावं लागतं?

परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नूतनीकरणाचं शुल्क वेळेत भरलं नाही तर १ एप्रिलला दुकान उघडणं हाच गुन्हा होतो. माल परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडूनच घ्यायचा आणि प्रत्येक खेपेबरोबर वाहतूक पास हवा. रोजची आवक, विक्री आणि शिल्लक ब्रँडनुसार नोंदवहीत चढवायची. तपासणीला आलेला निरीक्षक आधी फळीवरच्या बाटल्या मोजतो आणि मग वही पाहतो. बाटल्या कमी भरल्या तर विनाबिल विक्रीचा संशय, जास्त भरल्या तर बाहेरून माल आणल्याचा. दुसरा संशय जास्त गंभीर.

नोकरांची नोंदही लागते. काउंटरवर विक्री करणाऱ्या माणसासाठी विभागाकडून 'नोकरनामा' घ्यावा लागतो. सणाच्या गर्दीत भाच्याला दोन दिवस गल्ल्यावर बसवलं, तर नोंद नसलेला माणूस मद्य विकतोय असा ठपका येऊ शकतो. पाटीचंही बंधन आहे. २०२२ मध्ये मराठी पाट्यांच्या निर्णयाबरोबर सरकारने दारूच्या दुकानांना महापुरुष, थोर महिला आणि गडकिल्ल्यांची नावं देण्यास मनाई केली.

ड्राय डेच्या यादीबाहेरही दुकान बंद ठेवावं लागू शकतं. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद असते. शांतता भंगण्याची भीती असेल तर कलम १४२ खाली जिल्हाधिकारी दुकानं बंद ठेवण्याचा आदेश देऊ शकतात.

बाटली खरी, तरी गुन्हा कसा?

कारण बाटलीला पत्ता असतो. लेबलवर 'फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी' असं लिहिलेलं नसेल तर तिच्यावरचा कर महाराष्ट्राला मिळालेला नाही. गोव्याहून किंवा जवळच्या मध्य प्रदेशातून आणलेली बाटली कितीही अस्सल असली तरी इथे ती विकणं हा गुन्हाच. जरीपटका कामठी रस्त्याला लागून आहे आणि पुढे कामठीची लष्करी छावणी आहे. लष्करी कँटीनची दारू करसवलतीची असते आणि फक्त संरक्षण दलातल्या व्यक्तींसाठी असते. ती ओळखीने घेऊन बाजारात विकली तर विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात.

दुसरी दिशा दक्षिणेची. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. नागपुरात बिलासह घेतलेली पेटी वर्ध्याच्या हद्दीत शिरली की तिचा अर्थ बदलतो. एकाच ग्राहकाला वारंवार पेट्या देणाऱ्या दुकानाची नोंदवही अशा तपासात पहिल्यांदा उघडली जाते.

पिणाऱ्यालाही परवाना लागतो?

लागतो. दारू विकत घेणं, बाळगणं आणि पिणं यासाठी परमिट हवं. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचं परमिट ५ रुपये, देशीसाठी २ रुपये. विदेशी मद्याचं वर्षाचं १०० रुपये आणि आजीवन १,००० रुपये. ते विभागाच्या पोर्टलवरून ऑनलाइन काढता येतं. बीअर आणि वाईनसाठी वय २१ पूर्ण हवं, व्हिस्की-रम आणि देशीसाठी २५. परमिट कोणी विचारत नाही म्हणून कोणी काढत नाही. पण धाड पडते, गाडी तपासली जाते किंवा घरगुती कार्यक्रमावर तक्रार होते, तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो. लग्नात किंवा पार्टीत दारू ठेवायची असेल तर एक दिवसाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. हॉल किंवा लॉन मालकाने तो परवाना पाहिल्याशिवाय बुकिंग करू नये. नाहीतर तोही त्या भोजनालयवाल्याच्या रांगेत जाऊन बसतो.

नोटीस आली तर?

परवानाधारकाच्या चुकीला दोन वाटा असतात. फौजदारी गुन्हा वेगळा आणि परवान्याच्या अटी मोडल्याचं प्रकरण वेगळं. दुसऱ्यात कलम ५४ नुसार जिल्हाधिकारी परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात. त्याआधी नोटीस येते आणि म्हणणं मांडायची संधी मिळते. कलम १०४ नुसार तडजोड शुल्क घेऊन प्रकरण मिटवताही येतं. नोंदवहीतल्या छोट्या तफावती बऱ्याचदा अशाच मिटतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील आणि त्यापुढे शासनाकडे दाद मागण्याची सोय कलम १३७ आणि १३८ मध्ये आहे. नोटिशीला उत्तरच न देणं ही सगळ्यात महागडी चूक, कारण मग विभागाचं म्हणणं एकतर्फी नोंदवलं जातं.

भोजनालयवाल्याकडे परवानाच नाही, त्यामुळे त्याला तडजोडीची ही वाट नाही. त्याचं प्रकरण थेट न्यायालयात जातं. 'बाहेरची दारू पिण्यास मनाई' असा बोर्ड लावला म्हणून सुटका होत नाही. टेबलावर ग्लास सापडले तर बोर्ड काही कामाचा नाही. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, पण बाटली दिसली की ऑर्डर थांबवायची, एवढंच त्याच्या हातात असतं.

शेजाऱ्यांना दुकान नको असेल तर?

२००८ च्या शासन आदेशानुसार प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली तर दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येतं. बोलीभाषेत हेच 'उभी बाटली, आडवी बाटली'. निवेदनावरच्या सह्यांची पडताळणी होते, त्यामुळे मतदार यादीत नाव नसलेल्या भाडेकरूंच्या सह्यांनी संख्या फुगवली तर निवेदन तिथेच अडतं. मार्च २०२५ मध्ये अजित पवार यांनी विधानसभेत आणखी एक अट जाहीर केली. गृहनिर्माण सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात बीअर शॉपी किंवा दारूचं दुकान सुरू करायचं असेल तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. परवाना दुसरीकडून स्थलांतरित होऊन येणार असेल, तर हे प्रमाणपत्र देण्याआधी सोसायटीच्या सभेत ठराव घेऊन त्याची प्रत जपून ठेवलेली बरी.